तिकीट कोण देतं?

प्रश्न: मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे खासदार झाले. त्यांना तिकीट कोणी दिलं? तिथेही पक्षश्रेष्ठी असतात का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: तिकीट मतदारांनी दिलं. तिथे दिल्लीहून यादी येत नाही, एबी फॉर्मही नसतो. ठाणेदार मिशिगनचे, म्हणून तिथलीच पद्धत पाहू.

प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे अमेरिकेच्या लोकसभेसारख्या सभागृहासाठी, इच्छुकाला आधी मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या जमवाव्या लागतात. २,०००पर्यंत देता येतात, आणि काही सह्या तपासणीत उडणारच, म्हणून शहाणे लोक भरपूर जास्त देतात. २०२२मध्ये गव्हर्नरपदासाठी, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाच्या पदासाठी, १५,००० सह्या हव्या होत्या. पैसे देऊन नेमलेल्यांनी बनावट सह्या ठोकल्या आणि दहापैकी पाच रिपब्लिकन इच्छुक मतदानाआधीच बाद झाले!

मग ऑगस्टमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. मिशिगनमध्ये मतदाराच्या नावापुढे पक्षाची नोंद नसते. मतपत्रिकेवर पक्षांचे वेगवेगळे रकाने असतात, त्यातला एकच निवडायचा. एक खूण इकडे, एक तिकडे केली की पक्षीय भागातली सगळी मतं बाद. पेनसिल्व्हेनियात मात्र त्या पक्षाचे म्हणून आधी नाव नोंदवलेलं असेल तरच प्रायमरीत मत देता येतं.

सर्वाधिक मतं पडली की झालं, निम्म्याची अट नाही. २०२२मध्ये नऊ जणांच्या चुरशीत ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि तेवढ्यावर उमेदवारी पक्की झाली. डेट्रॉइटचा हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी लढत ऑगस्टमध्येच आटोपली होती. श्रेष्ठींचं वजन पूर्वी होतं. १९६८मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे तेव्हाचे उपाध्यक्ष ह्युबर्ट हंफ्री एकही प्रायमरी न लढवता अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, त्यावरून रान पेटलं आणि १९७२पासून पक्षाने नियमच बदलले.

प्रश्न: पक्षाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं का?

उत्तर: नाही. पक्षांतरबंदी कायदाच नाही. धाक असतो तो पुढच्या प्रायमरीचा. जानेवारी २०२१मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन सदस्यांनी मत दिलं. २०२२मध्ये त्यातले चौघे उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत पडले. दोघे टिकले, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वालादाव आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत सर्व पक्षांची मिळून एकच प्रायमरी होते आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या लढतीत जातात, त्यामुळे चिडलेल्या स्वपक्षीयांच्या एकट्याच्या मतांवर त्यांचं भवितव्य अवलंबून नव्हतं.