पुण्यात भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घ्यायचा तर तो नवरा-बायकोने कसा निवडावा?

आपण विचारले आहे की, दोघांचीही नोकरी हिंजवडीत आहे, राहते घर स्वतःचे आहे, आणि आता गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घ्यायचा तर तो दोघांनी मिळून कसा निवडावा व कोणाच्या नावावर घ्यावा. नावाच्या प्रश्नाचे उत्तर कोणताही सनदी लेखापाल देईल. मीही शेवटी थोडे लिहीन. निवडीचा प्रश्न मात्र माझ्या दुखऱ्या जागेवरचा आहे, कारण आमच्या घरात त्यावर २०११ पासून वाद चालू आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. घराची उस्तवार ज्याच्या अंगावर पडणार असेल, निवडीत शेवटचा शब्द त्याचा असावा. भाडेकरू शोधणे, त्याचे फोन घेणे, गळका नळ दुरुस्त करून घेणे, सोसायटीच्या सभेला जाणे, भाडेकराराची नोंदणी करणे, ही कामे दोघांपैकी एकच जण करतो. ‘दोघे मिळून पाहू’ असे सगळीच जोडपी म्हणतात, पण मी तरी ते कोठे घडलेले पाहिलेले नाही. आमच्याकडे निवड माझ्या यजमानांनी केली आणि उस्तवार माझ्याकडे आली.

ऑगस्ट २०११ मधील एका रविवारी आम्ही हिंजवडीजवळ पुनावळ्याला एका बांधकामाच्या जागेवर गेलो होतो. आम्ही कर्वेनगरला राहतो, त्यामुळे तिकडे जायचे म्हणजे चांदणी चौकातून, आणि तिथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडेपर्यंत त्या चौकाने माझ्या आयुष्यातले किती तास खाल्ले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. बिल्डरच्या माणसाने आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवला. आतल्या खोल्यांना दारे लावलेली नव्हती, त्यामुळे त्या प्रशस्त वाटत होत्या, आणि दार उघडल्यावर ते पलंगाला आपटेल की नाही हे कळायला मार्ग नव्हता. यजमान गॅलरीत उभे राहिले, समोरच्या डोंगराकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “निवृत्त झाल्यावर इथेच येऊन राहावे असे वाटते.” आमचा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घ्यायचा होता, राहण्यासाठी नव्हे, आणि व्यवहार बिघडला तो याच वाक्यापाशी, असे माझे आजही म्हणणे आहे. भाड्याच्या घराकडे मालकाच्या डोळ्यांनी पाहिले की डोंगर, क्लब हाउस, पूर्वेचे तोंड आणि जॉगिंग ट्रॅक दिसतो. भाडेकरू मात्र सकाळी साडेसहाला नळाला पाणी आहे का आणि कचेरीला जायला किती वेळ लागतो, एवढेच पाहतो.

मी खाली येऊन रखवालदाराला विचारले की, शेजारची इमारत पूर्ण झाली आहे, तिच्यासाठी दिवसाला किती टँकर येतात. तो “सात-आठ” म्हणाला. यजमानांना माझ्या त्या चौकशीचा संकोच वाटला, आणि परतताना गाडीत त्यांनी सांगितले की हा भाग महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, पाणी आज ना उद्या येईलच. त्याच संध्याकाळी त्यांनी टोकनचा धनादेश लिहिला. मी लेखा विभागात २६ वर्षे नोकरी केलेली बाई, हिशेब मला कळतो, पण त्या दिवशी मी गप्प बसले, ही माझी चूक मी मान्य करते.

त्या काळी रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, नव्हता. १००० चौरस फूट ‘सेलेबल’ (भिंती आणि जिन्यासारखी सामाईक जागा धरून) म्हणून घेतलेला तो फ्लॅट प्रत्यक्ष मोजल्यावर कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ७१५ चौरस फूट निघाला. मुद्रांक शुल्क, व्हॅट, सेवाकर, पार्किंग धरून ४७ लाख रुपये लागले, त्यांपैकी ३४ लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी. म्हणजे पूर्ण रक्कम उचलल्यावर महिना सुमारे ३४ हजारांचा हप्ता. करारात ताबा डिसेंबर २०१३ मध्ये देण्याचे लिहिले होते. तो मिळाला जून २०१६ मध्ये, आणि तोपर्यंत केवळ व्याजापोटी साडेतेरा लाख रुपये गेले होते. पहिले भाडे ठरले १५,५००. हप्ता ३४ हजार आणि भाडे साडेपंधरा हजार, हे गणित कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते, पण कर्ज काढून घेतलेल्या भाड्याच्या फ्लॅटचे खरे गणित तेच असते आणि पुण्यात आजही ते फारसे बदललेले नाही.

भाडेकरू आले आणि टँकरही आले. सोमवारी सकाळी सहाला फोन वाजला की मला न उचलताच कळत असे. पहिला भाडेकरार यजमानांनी पैसे वाचवण्यासाठी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे केला होता. त्या भाडेकरूने मुदत संपल्यावर दोन महिने जागा सोडली नाही, आणि तेव्हा मला वकिलांकडून कळले की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा) करार नोंदणीकृतच असावा लागतो, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. अकरा महिन्यांचा करार असला तर नोंदणी लागत नाही, असे सांगणारा एजंट भेटला तर दुसरा एजंट शोधावा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कंपन्यांनी घरून काम करायला सांगितले आणि जूनमध्ये आमचा भाडेकरू सामान घेऊन लातूरला गेला. त्या संकुलातील निम्म्या खिडक्यांत दिवा दिसत नव्हता. फ्लॅट चौदा महिने रिकामा राहिला, सोसायटीचा चार हजारांचा मासिक देखभाल खर्च आणि बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. आपण दोघेही हिंजवडीत नोकरीला आहात, म्हणून हे आवर्जून लिहिते. त्याच परिसरात फ्लॅट घेतला तर आपला पगार आणि आपला भाडेकरू आयटी या एकाच उद्योगाच्या आधारावर उभे राहतील, आणि मंदी आली तर दोन्ही एकाच महिन्यात डळमळतील. ऑफिसजवळचा भाग आपल्या माहितीचा आहे, एवढ्या कारणासाठी तिथे पैसे घालू नयेत.

आता माझ्या फ्लॅटविषयी. २०१४ मध्ये माहेरच्या जमिनीच्या वाटणीचे पैसे आले आणि त्यांत थोडे कर्ज घालून मी कोथरूडला, १९९२ साली बांधलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. लिफ्ट नाही, जिना अरुंद, गॅलरीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसतात. यजमानांनी तो एकदाच पाहिला आणि “यात काय पाहायचे?” असे म्हणाले. मी जे पाहिले ते असे: कर्वे रस्त्यावरचा बसथांबा सहा मिनिटांवर, पाणी महानगरपालिकेचे, भाजी आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. एजंटाशी बोलण्याआधी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी बोलले. कोणत्या इमारतीतले बिऱ्हाड किती दिवसांनी बदलते, कोणाचा फ्लॅट कधीपासून बंद आहे, कोठे गळते म्हणून लोक सोडून जातात, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. त्यानंतर सोसायटीच्या चिटणिसांकडे तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागितले, विक्रेत्याची थकबाकी तपासली, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतला, मागच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातील उतारे, पाहिले. या सगळ्याला दोन महिने लागले. पुनावळ्याच्या निर्णयाला एक दुपार लागली होती.

फ्लॅट ३८ लाखांचा; शुल्क, नोंदणी आणि रंगकाम धरून ४२ लाख. पहिले भाडे ११ हजार, आता १९ हजार. इतक्या वर्षांत तो सगळा मिळून अडीच महिने रिकामा राहिला, आणि २०२० मध्ये एक दिवसही नाही, कारण तेव्हाचा भाडेकरू कर्वे रस्त्यावरच्या एका बँकेत रोखपाल होता आणि बँका चालूच होत्या.

इथे प्रामाणिकपणे दोन्ही हिशेब शेजारी ठेवते. पुनावळ्यात व्याजासह साठ लाख पन्नास हजार घातले; पहिल्या वर्षीच्या भाड्यातून देखभाल खर्च आणि मिळकतकर वजा केल्यावर उत्पन्न सुमारे सव्वादोन टक्के पडते. कोथरूडला पावणेतीन टक्के. म्हणजे ज्या फरकावरून आम्ही इतकी वर्षे भांडत आहोत तो अर्ध्या टक्क्याचा आहे, असे यजमान हसून सांगतात. मी त्यांना रिकामे राहिलेले चौदा महिने त्यात धरायला सांगते. पण दोघांपैकी कोणाच्याही फ्लॅटचे उत्पन्न तेव्हाच्या मुदतठेवीच्या व्याजाच्या जवळपाससुद्धा नव्हते, हे आम्हा दोघांनाही मान्य आहे. भाड्यावर जगता येईल या आशेने कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याला मी सरळ नको म्हणून सांगते. भाव वाढेल या आशेने घेणाऱ्याला मी काही सांगत नाही, कारण तो ऐकत नाही.

आपल्या पिढीला काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत, हेही खरे. २०१७ पासून नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती महारेराच्या, म्हणजे रेराखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहता येते, विक्री कार्पेट क्षेत्रफळावर करावी लागते आणि नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्याची तारीख वाढवून घेतली असेल तर तेही त्याच नोंदीत दिसते. ते पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. बांधकाम चालू असलेल्या घरावर सहसा पाच टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाल्यावर राहायला जाण्याची परवानगी) मिळालेल्या घरावर लागत नाही. माझा कल अर्थातच तयार आणि शक्य तर जुन्या घराकडे आहे.

नावाविषयी थोडक्यात. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण सात टक्के आहे आणि घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचे नाव बरोबर घातले की ती जाते. साठ लाखांच्या घरात हे साठ हजार रुपये होतात. मात्र पैसे नवऱ्याचे आणि नाव बायकोचे असेल तर भाड्याचे उत्पन्न करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे ज्याचा जेवढा पैसा तेवढा त्याचा वाटा करारातच लिहून ठेवावा, असे मी म्हणेन. भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते. कर्जाच्या व्याजाचे काय होते ते आपण जुनी करप्रणाली निवडली आहे की नवी, यावर अवलंबून आहे. ते लेखापालालाच विचारावे. महानगरपालिका मिळकतकरात जी चाळीस टक्के सवलत देते ती मालक स्वतः राहत असलेल्या घराला आहे, भाड्याने दिलेल्या घराला नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगरभोगवटा शुल्क घेईल, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीने ते दुप्पट लावले तेव्हा त्यांना शासनाचे परिपत्रक दाखवायलाही मीच गेले होते.

एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही, आणि ती लिहिली नाही तर यजमान हे उत्तर वाचून मला सोडणार नाहीत. कोथरूडच्या इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे, झालेले नव्हते, हे मला खरेदीच्या वेळी कागदपत्रांत दिसले होते, आणि तरीही मी घेतले. जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर आहे, त्यांचे आपापसांत पटत नाही, मालकाच्या सहीवाचून सरकारी आदेशाने होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज सोसायटीने कधी मनावर घेतला नाही. आसपासच्या दोन इमारती पुनर्विकासाला गेल्या, आमची आहे तिथेच आहे. त्यामुळे आज एजंट पुनावळ्याच्या फ्लॅटचे ८५ लाख सांगतो आणि माझ्या फ्लॅटचे ६५. मी त्यावर इतकेच म्हणते की, ८५ लाख हातात येतील तेव्हा त्यांतून भांडवली नफ्याचा कर वजा करून मला आकडा सांगावा.

गेल्या दिवाळीनंतर मी पुनावळ्याच्या फ्लॅटची किल्ली, भाडेकरूचा नंबर आणि सोसायटीच्या कागदांची फाइल यजमानांच्या टेबलावर नेऊन ठेवली. तीन महिन्यांत ते चार वेळा जाऊन आले, दोनदा प्लंबरला घेऊन आणि एकदा वार्षिक सभेसाठी, जी पाण्याच्या विषयावर साडेतीन तास चालली. परवा त्यांनी स्वतः एजंटाला विक्रीबद्दल विचारले. कोथरूडचे भाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जमा होते, आणि त्याला ते अजूनही ‘नशीब’ हाच शब्द वापरतात.