पहिल्यांदाच उन्हाळ कांदा साठवताय? एवढं सांभाळा

भाऊ, पहिलंच वर्ष आहे, तर चाळीच्या (कांदा साठवायच्या हवेशीर शेडच्या) मापांत आत्ताच अडकू नका. कांदा टिकणार की सडणार, हे बरंचसं काढणीच्या आसपासच ठरतं.

निम्म्या कांद्यांच्या माना (पात कांद्याला जुळते तो भाग) आपोआप वाकून पडल्या की काढणीला लागा. त्याआधी १०-१५ दिवस पाणी तोडा. वजन वाढावं म्हणून शेवटचं एक पाणी द्यायचा मोह होतो. तोच कांदा आधी सडतो.

काढल्या काढल्या पात कापू नका. नवखे इथेच सगळ्यात जास्त चुकतात. शेतातच ३-४ दिवस असा पसरवा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. आपल्या नाशिकचं एप्रिलचं ऊन उघड्या कांद्याला भाजून काढतं. पात सुकते तशी मान मिटते. मग २-३ सेंटिमीटर मान ठेवून कापा आणि सावलीत १०-१२ दिवस सुकवा.

चाळीत भरताना:
- जोड (जुळे), डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जाड मानेचे आणि खुरपं लागलेले कांदे वेगळे काढून आधी विका.
- थर ४-५ फुटांच्या वर नको.

खरिपाचा लाल कांदा मात्र साठवायला जाऊ नका, तो टिकत नाही. आणि अवकाळीचा भरवसा नाही, ताडपत्री आजच शेतावर नेऊन ठेवा.