सूर-बिर विचारा : ओपन माइकला जाताना

मागच्या वेळी जाता जाता ओपन माइकचा उल्लेख केला काय आणि प्रश्नांचा ढीग आला, निम्मे तर व्हॉइस नोटमध्ये, एका नोटमध्ये मागे कुणीतरी नारळ सोलतंय ते पण ऐकू आलं. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत हल्ली कुठल्या ना कुठल्या कॅफेत, होमस्टेच्या पडवीत शनिवारी माइक लागतो. नाव नोंदवायचं, पाच-सात मिनिटं मिळतात, गायचं-वाजवायचं, खाली उतरायचं. पैसे बहुतेक ठिकाणी नाहीत, फार तर एक चहा. तरी त्या पाच मिनिटांनी बऱ्याच जणांची झोप उडवलीय असं दिसतंय.

काका, मी इंजिनिअरिंगला आहे, गिटारवर गातो. हॉस्टेलवर सगळे डोक्यावर घेतात. पण पहिल्यांदा ओपन माइकला गेलो आणि दुसऱ्या कडव्याला शब्दच गेले, वर गाणं एवढं पळालं की मित्र म्हणाला, मांडवी एक्स्प्रेस सुटत होती काय? परत जाऊ की नको? — एक वाचक, रत्नागिरी

जा रे, जायचंच. माझं सांगतो. चौदा वर्षांचा होतो, गणपतीत वाडीतल्या भजनात पहिल्यांदा मला अभंग दिला. मी आधी सगळ्यांना सांगत बसलो की घसा बसलाय, काल दही खाल्लं, प्रॅक्टिस झाली नाही. आमचे बुवा पेटीवरनं न बघता म्हणाले, "मेल्या, आधी सूर लाव, मगे गजाली कर." लावला. दुसऱ्या कडव्याला माझेही शब्द गेले, अगदी तुझ्यासारखे, पण बुवांनी मुखडा परत उचलला, कोरसने उचलला, पखवाजवाल्याने मध्ये एक छोटा तुकडा मारला, तेवढ्यात मला ओळ आठवली. ऐकणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही.

तुझ्यामागे कोरस नाही, एवढाच फरक. मग मुखडा तूच परत घ्यायचा. हात थांबवू नकोस, कॉर्ड चालू ठेव, मुखडा दोनदा म्हण, तरी नाही आठवलं तर तिसरं कडवं म्हण, नाहीतर गुणगुण. लोकांना गाणं थांबलेलं कळतं, कडवं गळलेलं सहसा कळत नाही.

आता दुसऱ्याच कडव्याला का गेले ते बघ. घरी आपण चुकलो की परत पहिल्यापासून सुरू करतो. म्हणजे मुखडा आणि पहिलं कडवं शंभर वेळा झालेलं असतं, दुसरं वीस वेळा. आठवडाभर उलटं कर, थेट दुसऱ्या कडव्यापासून सुरू करायचं, कधी तिसऱ्यापासून, भांडी घासताना, एसटीत उभं राहून. कागद समोर ठेवलास तरी कुणी काही म्हणत नाही, फक्त मोबाइलवर शब्द ठेवू नकोस, स्क्रीन नेमकी त्याच ओळीला बंद होते.

गाणं पळण्याचं कारण साधं आहे, भीतीने छाती धडधडते आणि आपण त्या धडधडीला लय समजतो. सुरू करण्याआधी गाण्यातली सगळ्यात शब्दांनी गच्च भरलेली ओळ मनात म्हण. ती ज्या लयीत नीट म्हणता येते तीच लय धर, मुखड्याची नको, मुखडा सोपा असतो म्हणून तो फसवतो. आणि फोनवर रेकॉर्ड कर. ऐकायला लाज वाटते, माहीत आहे, तरी ऐक.

अजून एक. परवा बसवलेलं गाणं घेऊन जाऊ नकोस. जे दोन वर्षं गातोयस, ज्याचा कंटाळा आलाय, तेच ने.

भजनात पेटी वाजवतो आणि गातो, माझी पट्टी काळी एक. कॅफेतल्या ओपन माइकला एक गिटारवाला मुलगा म्हणाला काका मी साथ देतो. पण त्याचं आणि माझं जुळेचना, तो म्हणे सी-शार्प कठीण पडतं, मी म्हटलं आम्ही जन्मभर काळी एकलाच गातो. चूक कुणाची? — एक भजनप्रेमी, कुडाळ

चूक कुणाचीच नाही, कॅपोची, म्हणजे गिटारच्या दांड्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याची, किंमत साधारण एका मासळीच्या ताटाएवढी आहे, तो त्याच्या पिशवीत नव्हता हीच काय ती चूक.

बघा, पट्टी म्हणजे आपण सा धरतो तो सूर. पेटीवर पांढरी एक म्हणजे गिटारवाल्यांचा सी, काळी एक म्हणजे सी-शार्प. आपल्याकडे पुरुषांच्या भजनात काळी एक अगदी नेहमीची, पण गिटारवर मोकळ्या तारांनी जे कॉर्ड सोपे पडतात ते सी, जी, डी, ए, ई असे. त्याने कॅपो पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या पहिल्या घरात, लावायचा आणि बोटं सीचीच ठेवायची, आवाज काळी एकचा येतो. बायकांच्या बऱ्याच भजनांची पट्टी काळी चार असते, तिथेही कॅपो पहिल्याच फ्रेटवर, फक्त बोटं जीची. काळी दोनला बोटं डीची. एवढं त्याला कागदावर लिहून द्या, पोरगं आयुष्यभर नाव काढेल.

तरी कुरकुर राहिली तर दुसरी भानगड असते. हल्लीची पोरं ट्यूनरच्या ॲपवर तार लावतात, ॲप ४४० हर्ट्झच्या ए वर असतं. तुमची पेटी जुनी असेल तर तिचे सूर थोडे वर किंवा खाली असू शकतात, आणि पेटीचे सूर काय तिथे बसून बदलता येत नाहीत, आतली रीड, म्हणजे सुराची पितळी पात, खरवडावी लागते. म्हणून गिटारने पेटीला लावून घ्यायचं, ॲपला नाही. तुम्ही एकेक सूर दाबून धरा, त्याने तार जुळवावी, दोन मिनिटांचं काम. ते कॅफेच्या मागे, माडाखाली उरकून घ्या, स्टेजवर जुळवत बसलात तर पाचातली तीन मिनिटं तिथेच गेली.

पावसाळ्यात गिटारच्या तारा गंजतात, पेटीच्या पट्ट्या अडकतात. उपाय? — देवगड

वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसा, घामाचं मीठ आणि समुद्राचं मीठ दोन्ही एकाच जागी काम करतात. कोटेड तारा महाग पण आपल्याकडे परवडतात कारण टिकतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. पेटी कपाटात ठेवून आत झिरोचा बल्ब, आमच्या आजोबांची पद्धत, अजून चालते (बल्ब लाकडाला आणि कपड्यांना चिकटवू नका). लाकूड फुगलं म्हणून पट्ट्या घासून बारीक करू नका, मार्गशीर्षात त्याच खडखडायला लागतात.

मी माइकवर गाते तेव्हा मलाच माझा आवाज ऐकू येत नाही, म्हणून जोरात गाते, मग माइक शिट्टी मारतो आणि सगळे कान धरतात. साउंडवाला म्हणतो ताई तुम्ही जोरात गाता, मी म्हणते तुम्ही आवाज कमी ठेवलाय. — एक वाचक, अलिबाग

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. शिट्टी कशी होते ते आधी. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, परत मोठा होतो, परत शिरतो, की झाली शिट्टी. कॅफेत जागा कमी, स्पीकर बऱ्याचदा गाणाऱ्याच्या मागेच भिंतीवर टांगलेला, मग काय होणार. जमलं तर स्पीकर माइकच्या पुढे सरकवायला सांगा, नाहीतर तुम्ही दोन पावलं बाजूला व्हा.

बहुतेक ठिकाणी तो जाळीच्या गोळ्याचा माइक असतो, शूर कंपनीचा एसएम ५८ किंवा त्याची नक्कल. तो समोरचं ऐकतो आणि मागचं फारसं ऐकत नाही, तसाच बनवलाय. म्हणून मॉनिटर स्पीकर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या शेपटीकडे ठेवायचा. आता गंमत बघा, व्हिडिओत बघून बघून पोरं तो गोळाच मुठीत धरतात. गोळा झाकला की माइकला पुढचं-मागचं काही कळेनासं होतं, चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. दांडी धरा. तोंडापासून दोन-तीन बोटं अंतर, वरच्या सुराला थोडं लांब. अगदी ओठाला लावलात तर आवाज ढोलकीसारखा घुमतो, काहींना तेच आवडतं म्हणा.

साउंडवाल्याला "आवाज वाढव" म्हणू नका, "मॉनिटरला माझा आवाज दे" म्हणा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटर नसेलच तर एक कान बोटाने बंद करून गा, जुने गवई कानावर हात उगीच ठेवत नव्हते. आणि त्याला गोड बोलून इको कमी करायला सांगा! आपल्याकडे साउंडवाले लग्न आणि पूजेच्या सवयीने इको सढळ हाताने टाकतात, वऱ्हाडाला बोलवायला तो बरा, तुमच्या गाण्यात प्रत्येक शब्द मागच्या शब्दाच्या पायात येतो.

गिटार जोडायची असेल तर वायर स्वतःची न्या, मोठी पिन, साउंडवाले तिला पी-३८ म्हणतात. आणि पिकअपची (गिटारचा आवाज उचलून वायरीत देणाऱ्या भागाची) नऊ व्होल्टची बॅटरी बदललेली असू दे. बऱ्याच गिटारना वायर खुपसून ठेवली की न वाजवताही बॅटरी खर्च होत राहते, हे मला दोन कार्यक्रम फुकट गेल्यावर कळलं.

तारकर्लीच्या बाजूला आमचा होमस्टे आहे, पर्यटक विचारतात म्हणून महिन्यातून एकदा अंगणात ओपन माइक करायचा विचार आहे. परवानगी लागते का? हिंदी-मराठी गाणी लोक गातात त्याचं काय? — एक होमस्टेवाले

अंगणात माइक-स्पीकर लावणार म्हणजे लेखी परवानगी हवी, आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं तेही बघून घ्या. गणपती-नवरात्रीच्या काही दिवसांना जी १२ पर्यंत सूट मिळते ती सरकार ठरवतं, तुमच्या शनिवारला ती लागू नाही. म्हणून साडेसहाला सुरू करा, साडेनऊला आवरा. आणि तुमच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी होत असतील तर त्या मोसमात समुद्राच्या बाजूचे दिवे बंद ठेवा, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याऐवजी तुमच्या अंगणात येतात.

गाण्यांचं म्हणाल तर सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याचं गाणं गायचं म्हणजे त्याचं लायसन्स लागतं, आणि ते सांभाळणं आयोजकाचं काम, येऊन गाणाऱ्या पोराचं नाही. गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस ही संस्था हे बघते, त्यांच्याकडे चौकशी करा. कॉपीराइट कायदा १९५७ चा, साधारणपणे कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुकोबांचा अभंग मोकळा आहे, पण त्याला अलीकडे कुणी दिलेली चाल मोकळी असेलच असं नाही, हा बारकावा लोक विसरतात.

एक विनंती मात्र माझ्याकडून. नाव नोंदवतानाच सांगा की आपलं झालं की उठून जायचं नाही. मी जिथे जिथे गेलो तिथे हेच बघितलंय, पहिला गातो तेव्हा वीस माणसं, शेवटची मुलगी गाते तेव्हा तिची आई आणि वेटर. आपल्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, एक बुवा गात असला की समोरचा बुवा हलत नाही, कारण त्यालाच पुढे उत्तर द्यायचं असतं. शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यातही तेच. तसं काहीतरी तुम्ही करा, पुढच्याने आधीच्याच्या गाण्यातला एक शब्द आपल्या गाण्याआधी घ्यायचा, नाहीतर शेवटच्या नंबरला सोलकढी फुकट. सोलकढीवर माणसं थांबतील असं मला वाटतं.

काका, मी मालवणीत स्वतः गाणी लिहिते. ओपन माइकला गायले तर लोक पहिल्या ओळीलाच हसले. गाणं विनोदी नव्हतं हो, माझ्या आजीच्या आजारपणावर होतं. मराठीत बदलून लिहू का? — एक वाचक, मालवण

नको बदलू. हसले ते तुझ्यावर नाही, मालवणी कानावर पडली की हसायचं अशी लोकांना नाटकांनी सवय लावलीय, इतकी की दुःखाची मालवणी त्यांनी स्टेजवर ऐकलेलीच नसते. पण ती सवय तुला पहिल्या अर्ध्या मिनिटात मोडावी लागेल.

तू पत्रासोबत पाठवलेलं गाणं मी वाचलं. पहिल्या ओळीत आजी पेजेचो वाडगो मागते. घरात ती ओळ काळजाला लागते, कॅफेत अनोळखी माणसाला ते नाटकातलं वाक्य वाटतं. तिसऱ्या कडव्यात मात्र ती खाटेवरनं विचारते की माझी न्हाणीतली घागर कोणी हलवली, आणि घागर तिथेच असते. ती ओळ आधी आण. आणि शब्द यायच्या आधी आठ मात्रा नुसती गिटार वाजव, हळू, लोकांना गप्प व्हायला तेवढा वेळ लागतो. प्रस्तावना करू नकोस, "हे मालवणीत आहे हां" असं हसून तर अजिबात सांगू नकोस, तू हसलीस की त्यांना हसायची परवानगी मिळते.

तरी कोणी हसलंच तर थांबू नकोस, डोळे मिटून घागरीची ओळ परत घे. गाऊन झालं की व्हॉइस नोट पाठव, त्यात पेजेची ओळ कुठे बसवलीस ते मला ऐकायचंय.