गायरानावर सौर प्रकल्प : गावाला कसं पटवू?

प्रश्न : आमच्या गायरानावर शेतीपंपांसाठी सौर प्रकल्प यायचाय. ग्रामसभेत मी हवामानबदल, कोळसा, देशाचं २०३० चं ५०० गिगावॅट स्वच्छ विजेचं उद्दिष्ट, सगळं सांगितलं. मेंढपाळ उठून गेले, बाकीचे गप्प बसले. लोकांना कसं पटवू?
— ग्रामपंचायत सदस्या, जत तालुका

उत्तर : ताई, माझी तीस वर्षं लाइनवर गेली. एकदा ऐन थंडीत रात्री दीडला डीपीवर फ्यूज टाकायला गेलो होतो. शेजारच्या हरभऱ्यात एक म्हातारा एकटाच दारं धरत होता, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होता. पाय अनवाणी, दोन्ही हात फावड्यावर, म्हणून बॅटरी दातांत धरलेली. बांधावर सापासाठी काठी. लाइटची पाळीच रात्रीची, करणार काय? मला म्हणाला, "साहेब, फुकट नको, पण दिवसा द्या."

सभेत बोलायला इथून सुरुवात करा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळची सौर वीज उपकेंद्रातून शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला मिळते. ऊन असेल तेव्हाच मोटारी चालवायच्या. गिगावॅट कुणाला दिसत नाही, रात्रीचं दारं धरणं घरोघरी माहीत आहे. २०१७ साली राळेगणसिद्धीपासून ही योजना सुरू झाली. आता तुमच्या जवळपास जिथं दिवसा लाइट मिळते, तिथं पाच-सहा जणांना घेऊन जा. सगळ्यात मोठ्यानं विरोध करणारा त्यात हवाच.

आता उठून गेले त्यांचं. मेंढपाळांचा प्रश्न खरा आहे आणि तो बाजूला सारून मिळवलेला होकार टिकत नाही. एका मेगावॅटला चार-पाच एकर जातात. किती मेगावॅट, कुठला गट नंबर, पाण्याकडे जायची वाट राहते का, हे गायरानात उभं राहून फक्कीनं आखून दाखवा. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख रुपये मिळायचे आहेत. त्यातून मेंढरांसाठी हौद बांधायचा ठराव आधी घ्या, जागेचा नंतर. नोकऱ्यांचं आमिष मात्र अजिबात दाखवू नका. प्रकल्प उभा राहिला की पॅनेल धुणं, गवत काढणं, राखण, एवढंच काम उरतं.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते, ती कागदावर उरकू नका. नवरा रात्री विहिरीवर असला की दाराशी जागी बसते ती बाईच. तिला बोलू द्या. मेंढपाळांची बैठक मात्र वेगळी, वाड्यावरच घ्या, संध्याकाळी मेंढरं कोंडून झाल्यावर.