12 व्होल्टच्या बल्बचा रोध हिशेबात कोणता धरावा: मीटरवरचा की सूत्राचा?

तासगावजवळच्या बेदाणा शेडमध्ये आपल्याला ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब लावायचा आहे, बॅटरी तिथून 30 मीटर अंतरावर आहे, आणि बल्बचा रोध सूत्राने 6.86 ओहम येत असताना मल्टिमीटर मात्र 0.6 ओहम दाखवतो, म्हणून कोणता आकडा धरावा असे आपण विचारले आहे. सूत्राचा धरावा. मीटरही खोटे सांगत नाही. तो थंड फिलामेंटचा, म्हणजे बल्बमधल्या टंगस्टनच्या बारीक तारेचा, रोध मोजतो, आणि टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर इतका वाढतो की बल्ब पूर्ण पेटल्यावर तो थंड असतानाच्या दहापटीच्या आसपास जातो. शिवाय इतका कमी रोध मोजताना मीटरच्या वायरींचा रोधही त्यात मिसळतो. दोन्ही टोके एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा वजा करावा.

व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागले, म्हणजे 144 भागिले 21, की 6.86 ओहम मिळतात आणि धारा 1.75 अँपिअर येते. सांगलीत पदविकेच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब शिकवताना मी पुढच्या पायरीवर अधिक वेळ देते, कारण 230 व्होल्टवर जो वायरचा रोध सहज दुर्लक्षिता येतो, तो 12 व्होल्टवर भारी पडतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम असतो. जाण्या-येण्याची मिळून 60 मीटर वायर धरली तर 0.73 ओहम होतात. एकूण 7.59 ओहमांतून 1.58 अँपिअर धारा वाहील आणि बल्बला 10.8 व्होल्टच मिळतील. प्रत्यक्षात फिलामेंट थोडे कमी तापल्याने त्याचा रोधही किंचित घटेल, पण अंदाजासाठी हे पुरेसे आहे. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास बल्बला साधारण 11.5 व्होल्ट मिळतील. बॅटरीच शेडमध्ये ठेवता आली तर त्याहून उत्तम.

प्रत्यक्ष पडताळा घ्यायचा असेल तर पेटलेल्या बल्बच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे, मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या छिद्रात घालून तो बल्बच्या मालिकेत जोडून धारा मोजावी आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे. धारा मोजण्यासाठी लावलेला मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना कधीही जोडू नये.

पुढे ड्रायव्हर (दिव्याला मिळणारी वीज नियंत्रित करणारे सर्किट) असलेला एलईडी दिवा लावलात, तर हा हिशेब तसाच वापरू नका. असे बहुतेक ड्रायव्हर वॅट कायम राखतात, त्यामुळे व्होल्टेज घटले की धारा उलट वाढते. तेथे वॅटला दिव्यापाशी मिळणाऱ्या व्होल्टेजने भागून धारा काढावी आणि वायर त्यानुसार निवडावी.

मीटरवरचा 0.6 ओहमचा आकडा मात्र फ्यूज निवडताना उपयोगी पडतो. बटण दाबताच, फिलामेंट तापेपर्यंतच्या क्षणभरात, दीड चौरस मिलिमीटरची वायर धरूनही सुमारे 9 अँपिअर धारा वाहते. म्हणून अगदी 2 अँपिअरचा फ्यूज न घेता 5 अँपिअरचा घ्यावा आणि तो बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून बसवावा.