एका अ‍ॅपवर माझा बीएमआय 'नॉर्मल' येतो, दुसऱ्यावर 'जास्त वजन'. खरं काय मानू?

तुम्ही दिलेली माहिती अशी: पुरुष, उंची ५ फूट ४ इंच, वजन ६४ किलो, दिवसभर बैठं काम, पोट जरा सुटलेलं. शिवाय ११ वर्षांच्या मुलीचा बीएमआयही त्याच अ‍ॅपवर बघू का, असं विचारलंय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर 'जास्त वजन' म्हणणाऱ्या अ‍ॅपचं ऐका.

आधी हिशोब. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ५ फूट ४ इंच म्हणजे ६४ इंच, म्हणजे १६२.५६ सेंटिमीटर. १.६२५६ चा वर्ग साधारण २.६४. ६४ भागिले २.६४, उत्तर २४.२. अ‍ॅपमध्ये उंची ५.४ फूट अशी टाकू नका. फुटात १२ इंच असतात, १० नाहीत. ५ फूट ११ इंच उंचीच्या माणसाने ५.११ लिहिलं तर १८० सेंटिमीटरचा तो थेट १५६ चा होतो आणि धडधाकट असूनही लठ्ठ ठरतो.

आता २४.२ वर दोन मतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात २५ पर्यंत नॉर्मल आणि ३० पासून लठ्ठपणा. पण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका त्याआधीच सुरू होतो, म्हणून भारतातले डॉक्टर २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तुम्ही नेमके या दोन रेषांच्या मधे आहात.

यामागचं संशोधन बरंचसं पुण्यातलं आहे, आणि ते प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडे हे जन्मापासूनच दिसतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, स्नायू कमी होते, पण त्या मानाने त्वचेखालची चरबी टिकून होती. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, म्हणून बीएमआयलाही कळत नाही.

तेव्हा कंबर मोजाच. मी आरोग्य शिबिरांत मोजमापं घेते, तिथे पुरुष हमखास सांगतात, "माझी पँट ३४ ची आहे." पँट पोटाच्या खाली बसते, तो आकडा कामाचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, दोन्ही कुशीत बोटांनी चाचपा. त्यांच्या बरोबर मधे, उघड्या अंगावर, टेप आडवा सरळ धरा. श्वास सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढू नका. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा.

तुमची कंबर ९० च्या वर असेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासून घ्या, काही त्रास होत नसला तरी. बीएमआय २३ च्या खाली यायला वजन ६०-६१ च्या आसपास हवं, म्हणजे तीन-साडेतीन किलोंचाच प्रश्न आहे. उपाशी राहून ते उतरवू नका, त्यात स्नायूही जातात आणि आपल्याकडे ते आधीच कमी. रोज भरभर चाला, आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका काढा, आणि ताटात भात-पोळी थोडी कमी करून उसळ, डाळ, अंडी वाढवा.

मुलीचा बीएमआय मात्र मोठ्यांच्या तक्त्यात अजिबात बघू नका. वाढत्या वयात नॉर्मलचा आकडा वर्षागणिक बदलतो आणि मुलामुलींचा वेगळा असतो. बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांसाठीचे वाढीचे तक्ते असतात. तिची उंची आणि वजन त्यावर मांडून घ्या. आणि तिच्यासमोर वजनावरून बोलू नका, या वयात मुली ते फार मनाला लावून घेतात.