गळ-दोरा : जुना टॅटुला विकावा का?

प्रश्न : राम राम. माझ्याकडं डायवा कंपनीचा टॅटुला 100 हा मासे धरायचा रील आहे, 2018 चं मॉडेल, 7.3 गिअरचं. माजलगाव धरणाच्या काठाला आन आजूबाजूच्या तळ्यांवर मरळ माशासाठी फ्रॉग, म्हणजे बेडकाच्या आकाराचं रबरी खोटं आमिष, टाकतो. आता दोस्त म्हणायलाय की 2020 ला आलेला टॅटुला एसव्ही टीडब्ल्यू घे, त्यात दोऱ्याचा गुंताच होत नाही. त्यानं मारून दाखवला तर खरंच माझ्यापेक्षा लै लांब गेला. जुना काढून टाकू का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : राम राम दादा. आधी एक सांगा, दोस्ताच्या रीलवर दोरा कोणता होता? तुम्ही मरळीवाले म्हणजे 40-50 पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, भरून ठेवता, आन नवा रील घेणारा हौशीनं बारीक नवाकोरा दोरा भरून आणतो, मग त्याचं लांब जाणारच की, त्यात रीलचं काय कौतुक! रॉड एकच, दोरा एकाच जाडीचा, पुढचं वजन तेवढंच, फक्त रील बदलायचा, तेव्हा कुठं तुलना खरी. ज्वारी काढून मोकळं झालेलं रान बघा, दोऱ्याला गळ नसलेलं वजन बांधा, एकदा वाऱ्याच्या पाठीनं मारा आन एकदा वाऱ्याच्या तोंडावर, आन पावलं मोजा. वाऱ्याच्या पाठीनं कोणताही रील भारीच वाटतो. फरक दिसतो तो समोरून वारा आल्यावर.

आता आतली गोष्ट. दोन्हींत ब्रेक लोहचुंबकाचाच आहे. स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चाकाच्या, बाजूला अॅल्युमिनिअमची एक वाटी असते, स्पूल जोरात फिरला की ती बाहेर सरकून चुंबकाच्या टप्प्यात जाते आन ब्रेक लागतो, वेग उतरला की स्प्रिंग तिला मागं ओढते. तुमच्या जुन्यातला ब्रेक, त्याला मॅगफोर्स-झेड म्हणतात, असाच चालतो. नव्यात एसव्ही बूस्ट नावाचा स्पूल आहे, त्यात हीच वाटी दोन टप्प्यांत मागं येते. सुरुवातीला, जिथं गुंता होण्याची भीती सगळ्यात जास्त, तिथं ब्रेक घट्ट, मधे थोडा सैल, आन शेवटी अजून सैल. आधीचे एसव्ही स्पूल गुंता करत नव्हते पण शेवटी दम तोडायचे अशी लोकांची कुरकुर असायची, ती यानं बरीच कमी झाली. टी आकाराची खिडकी, जिच्यातून टाकताना दोरा रुंद भागातून मोकळा सुटतो आन ओढताना अरुंद खाचेत येतो, ती तुमच्या जुन्यातही आहेच, त्यामुळं त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

मग घ्यावा का? फ्रॉगच टाकणार असाल तर माझं मत, नाही. फ्रॉग वजनदार असतो, तो स्वतःच दोरा ओढून नेतो, तिथं एसव्हीच्या नाजूकपणाचं काही काम नाही. शिवाय कागदावर जुन्याचा ड्रॅग, म्हणजे मासा किती जोरानं ओढेपर्यंत रील दोरा सोडत नाही ते, 6 किलो आन नव्याचा 5 किलो आहे. बेशरमाच्या झुडपात नाहीतर जलपर्णीत मरळ लागली की तिला एक इंचही द्यायचा नसतो, ड्रॅग पूर्ण आवळून बाहेर काढावी लागते. 5 किलो पण कमी नाही म्हणा, पण जास्तीचं सोडून कमी घेण्यासाठी वरून पैसे कशाला द्यायचे. 7.3 चा वेगही याच कामाचा, हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल सात वेळांहून जास्त फिरतो, मरळीनं फ्रॉग घेतला की सैल दोरा झटक्यात गोळा होतो.

हां, पण 5-7 ग्रॅमचे छोटे लूर (खोटी आमिषं), रबरी किडे टाकायला लागला असाल, काठावरच्या झाडाखाली पाण्याला टप्पा देत आत घालायचं असेल, नाहीतर दुपारच्या वाऱ्यात उघड्या धरणावर उभं राहायचं असेल, तर नवा घ्या आन डोळे झाकून घ्या. तिथं दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी जुना विकू नका, तो फ्रॉगसाठी राहू द्या.

आन दोस्ताला सांगा, गुंता होत नाही असा रील अजून कोणी बनवला नाही. लूर गवताच्या काडीला आदळून थांबला आन अंगठा स्पूलवर नसला तर कोणताही ब्रेक काही करू शकत नाही.

जाता जाता, पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वर-खाली करताना दिसला तर तिथं फ्रॉग टाकू नका. खाली मरळ पिल्लं राखत असते, ती भुकेनं नाही तर रागानं धरते, आन ती गेली की पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात.

प्रश्न : रील ऑनलाइन मागवायलोय. एकाच मॉडेलच्या नावापुढं एकीकडं एचएस लिहिलंय आन एकीकडं एचएसएल. काय फरक?
– एक वाचक, पैठण

उत्तर : शेवटचा एल म्हणजे हँडल डाव्या बाजूला. बेटकास्टिंगचं, म्हणजे टॅटुलासारख्या आडव्या स्पूलच्या रीलचं, हँडल स्पिनिंग रीलसारखं काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही, चुकीचा आला तर जन्मभर तसाच. एचएस म्हणजे जास्त वेगाचा गिअर, एक्सएस त्याहून जास्त. आन पैठणचे आहात म्हणून सांगतो, जायकवाडीचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, कुठं उभं राहायचं ते आधी विचारून घ्या. बाकीच्या धरणांवरही मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडं असतो, भोई मंडळींशी बोलून बसलेलं बरं.

प्रश्न : नवा रील घेतला, ड्रॅग पूर्ण आवळला तरी मासा लागला की दोरा सुटतोच. रील खराब निघाला का? दुकानदार बदलून देईना.
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : थांबा, दुकानदाराशी भांडू नका इतक्यात. ब्रेड सरळ स्पूलवर बांधली का? ब्रेड गुळगुळीत असते, धातूच्या स्पूलवर सगळी गुंडाळी एकदम घसरते, आन आपल्याला वाटतं ड्रॅग सुटला. ओळखायचं सोपं आहे. ड्रॅग आवळा, दोरा एकाला धरायला लावा, आन स्पूलच्या कडेला मार्करनं ठिपका द्या. दोरा ओढल्यावर ठिपका जागेवर आन दोरा मात्र फिरतोय, म्हणजे रील चांगला आहे. सगळी ब्रेड काढा, आधी साध्या तंगुसाचे आठ-दहा वेढे घाला, त्याला ब्रेडची गाठ मारा आन ताण देऊन परत भरा. ठिपकाच फिरायला लागला तर मात्र ड्रॅगच्या चकत्यांना तेल लागलंय का बघा, स्पूलच्या बेअरिंगचं तेल तिथं गेलं की हेच होतं. नव्याकोऱ्या रीलमध्ये ड्रॅग घसरायला लागला तर मग बिल घेऊन जा, तिथं तुमचं बरोबर आहे.